केडन्स सेन्सर : गरज की हौस?

सायकलीच्या क्रँकवर बसणारे अंगठ्याएवढे एक उपकरण पाय मिनिटाला किती फेऱ्या मारतात, ते मोजून सांगते. शर्यतीत उतरणाऱ्यांसाठी तयार झालेले हे साधन आता रविवारी सकाळी हौसेने सायकल काढणाऱ्यांच्याही खरेदीच्या यादीत आले आहे. त्यावर पैसे खर्च करावेत का, या प्रश्नाचे उत्तर शोधताना आधी सायकलीचे गिअर आणि चालवणाऱ्याचे गुडघे यांचा विचार करावा लागतो.

रविवारी उजाडण्यापूर्वीच पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर सायकलींचे दिवे लुकलुकू लागतात. कोणी खडकवासला धरणापर्यंत जाऊन परततो, कोणी डोणजे गाठून सिंहगडाच्या घाटाला भिडतो. मुंबईत मरीन ड्राइव्हवर आणि नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरही सकाळचे हेच चित्र असते. सायकलींचे शहर म्हणून पुण्याची ख्याती होती, तेव्हा सायकल हे कामावर जाण्याचे वाहन होते. आज शहरांमध्ये तिच्याकडे बऱ्याच अंशी व्यायामाचे आणि विरंगुळ्याचे साधन म्हणून पाहिले जाते. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही स्पर्धा सांघिक गटात पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. या घटनांनी महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगविषयी कुतूहल वाढवले. पुढे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे व्यायामशाळा बंद झाल्या आणि गिअरच्या सायकलींना एकदम मागणी आली.

या नव्या सायकलस्वारांमध्ये चाळिशी-पन्नाशीतील मंडळी लक्षणीय आहेत. शाळा-कॉलेजच्या दिवसांनंतर वीस-पंचवीस वर्षांनी ती पुन्हा सायकलवर बसतात. लहानपणीची सायकल बिनगिअरची असल्याने 'जोर लावला की सायकल पळते' हेच गणित डोक्यात पक्के असते. त्यामुळे गिअरची सायकल मिळाल्यावरही सर्वांत जड गिअर टाकून ती रेटली जाते. पहिल्या काही आठवड्यांत त्याचे काही वाटत नाही. मग जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे दुखू लागते, एखादा रविवार चुकतो, नंतर महिना चुकतो आणि हौसेने घेतलेली सायकल गॅलरीत कपडे वाळत घालण्यापुरती उरते. केडन्स सेन्सर घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न वरकरणी दोन-चार हजार रुपयांचा दिसतो. त्यामागचा खरा प्रश्न सायकल चालवणे टिकेल की सुटेल, हा आहे.

केडन्स म्हणजे काय?

पायडलने एका मिनिटात पूर्ण केलेल्या फेऱ्या म्हणजे केडन्स. उजवा पाय वरून निघून खाली जाऊन पुन्हा वर आला की एक फेरी झाली. अशा ८० फेऱ्या मिनिटात झाल्या, तर केडन्स ८० असा सांगितला जातो. सायकलीचा वेग आणि केडन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचा संबंध जोडण्याचे काम गिअर करतो.

सायकलीला साखळी नव्हती, त्या काळी हा संबंध अगदी सरळ होता. एकोणिसाव्या शतकातील उंच पुढच्या चाकाच्या 'पेनी फार्दिंग' सायकलीत पायडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले असे. पायाची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. वेग वाढवायचा तर चाक मोठे करणे हा एकच मार्ग, म्हणून ते दीड मीटर व्यासापर्यंत वाढत गेले. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' ही सायकल आणली. तिच्यात साखळीच्या साहाय्याने मागचे चाक फिरवले जात असे. त्यामुळे लहान चाकावरही पायाच्या एका फेरीत हवे तेवढे अंतर कापता येऊ लागले. आजचे गिअर ही त्याच कल्पनेची पुढची पायरी आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुढच्या दातेरी चक्राला ३६ दाते आहेत आणि मागच्या चक्राला १८. पायाच्या एका फेरीत मागचे चाक दोनदा फिरते. नेहमीच्या हायब्रीड सायकलीच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरला, तर एका फेरीत सायकल ४.२ मीटर पुढे जाते. मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या, तर ३३६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २० किलोमीटर वेग मिळतो. आता पुढे ४८ दात्यांचे आणि मागे १४ दात्यांचे चक्र घेतले, तर एका फेरीत ७.२ मीटर अंतर जाते आणि तोच ताशी २० किलोमीटरचा वेग मिनिटाला अवघ्या ४६ फेऱ्यांत मिळतो. दोन्ही सायकली बरोबरच पोहोचतात. फरक पडतो तो पायांवर येणाऱ्या भारात.

गुडघ्यावरील भाराचा हिशेब

सपाट रस्त्यावर वारा नसताना ताशी २० किलोमीटर वेगाने सायकल चालवायला ढोबळमानाने १०० वॅट शक्ती लागते, असे धरू. शक्ती म्हणजे बल आणि गती यांचा गुणाकार. शक्ती तेवढीच ठेवून पायाची गती कमी केली, तर बल त्या प्रमाणात वाढवावेच लागते. क्रँकची लांबी १७० मिलिमीटर धरली, तर ८० फेऱ्यांना पायडलवर सरासरी सात किलो वजनाएवढा जोर लावावा लागतो. ४६ फेऱ्यांना हाच जोर साडेबारा किलोच्या घरात जातो. ही संपूर्ण फेरीची सरासरी झाली. पाय खाली दाबण्याच्या नेमक्या क्षणी जोर याहून बराच अधिक असतो.

साडेबारा किलो हा आकडा फार मोठा वाटत नाही. मात्र तासाभरात ४६च्या केडन्सने २,७६० फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत मांडीचे पुढचे स्नायू गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबतात. बरीच वर्षे व्यायामाची सवय नसलेल्या सांध्याला हा वाढीव दाब हजारो वेळा सहन करावा लागतो. ८०च्या केडन्सने फेऱ्या ४,८०० होतात, म्हणजे संख्या वाढते. पण प्रत्येक वेळचा दाब जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी असतो. ओझे एकाच खेपेत उचलण्याऐवजी दोन खेपांत न्यावे, तसा हा प्रकार आहे.

अर्थात, याला दुसरी बाजूही आहे. पाय जितके वेगाने फिरवावेत, तितकी शक्ती पाय फिरवण्यातच खर्च होते. श्वास वाढतो, नाडीचे ठोके वाढतात. कमी केडन्स स्नायू आणि सांध्यांना थकवतो, अधिक केडन्स हृदय आणि फुप्फुसांना कामाला लावतो. या दोहोंमधला समतोल प्रत्येकाच्या शरीरानुसार आणि सवयीनुसार वेगळा ठरतो.

नव्वदचा मंत्र आला कुठून?

सायकलविषयक गप्पांमध्ये 'केडन्स नव्वद हवाच' हे वाक्य हमखास ऐकू येते. हा आकडा शर्यतींच्या जगातून आला आहे. बेल्जियमचे एडी मर्क्स यांनी १९७२ मध्ये मेक्सिको सिटी येथे तासाभरात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला, तेव्हा त्यांच्या सायकलीला पुढे ५२ आणि मागे १४ दात्यांचा एकच गिअर होता. हिशेब केला, तर त्यांचे पाय संपूर्ण तासभर मिनिटाला १०५च्या आसपास फेऱ्या मारत होते, असे दिसते.

१९९९ नंतरच्या काही वर्षांत 'टूर द फ्रान्स' स्पर्धेत अमेरिकेचा लान्स आर्मस्ट्राँग चढावावरही हलक्या गिअरमध्ये भराभर पाय फिरवताना दिसे. त्याचा प्रतिस्पर्धी जर्मनीचा यान उलरिच जड गिअर संथपणे रेटत असे. दूरचित्रवाणीवर हा विरोधाभास ठळकपणे दिसला आणि वेगवान पायडलिंग हेच विजयाचे गमक, असा समज जगभर पसरला. पुढे उत्तेजक द्रव्यांच्या सेवनाबद्दल २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि २०१३ च्या आरंभी त्याने कबुलीही दिली. विजेतेपदे गेली, तरी नव्वदचा आकडा मात्र लोकांच्या मनात टिकून राहिला.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष याहून गुंतागुंतीचे आहेत. मार्श आणि मार्टिन या संशोधकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सराईत सायकलपटू आणि सायकलिंगचा अनुभव नसलेल्या तंदुरुस्त व्यक्ती यांची तुलना केली होती. २०० वॅट शक्तीने पायडल मारताना प्राणवायूचा सर्वांत कमी वापर मिनिटाला सुमारे ५५ ते ६५ फेऱ्यांच्या टप्प्यात झाला. पण स्वतःच्या मर्जीने चालवायला सांगितल्यावर दोन्ही गटांनी ८५ ते ९० फेऱ्यांच्या आसपासचा वेग पसंत केला. इंधनाच्या हिशेबात संथ फेऱ्या किफायतशीर ठरत असल्या, तरी पायांना हलका जोर आणि वेगवान फेऱ्या सुखाच्या वाटतात, असा याचा अर्थ लावता येतो.

शक्ती जशी वाढते, तसा किफायतशीर केडन्सही वर सरकतो, हेही अशा अभ्यासांतून दिसून आले आहे. शर्यतीतील सायकलपटू तासन् तास २५०-३०० वॅट शक्ती लावतात. त्या पातळीवर जोर आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांना ९० फेऱ्या गरजेच्या ठरतात. खडकवासल्यापर्यंत गप्पा मारत जाणारा सायकलस्वार ८० ते १२० वॅटच्या दरम्यान असतो. त्याने नव्वदचा हट्ट धरण्याचे कारण नाही. सपाटीवर ७० ते ८५ आणि चढावर ६० ते ७५ हा टप्पा बहुतेकांना पुरेसा आणि सोयीचा ठरतो. चिंता करावी ती पन्नासच्या खाली रेंगाळणाऱ्या केडन्सची.

सेन्सर चालतो कसा?

जुन्या पद्धतीत क्रँकवर एक छोटे लोहचुंबक आणि सायकलीच्या सांगाड्यावर एक चुंबकीय खटका बसवला जाई. चुंबक खटक्यासमोरून गेले की एक फेरी मोजली जाई. दोघांमधले अंतर काही मिलिमीटर चुकले, तरी मोजणी थांबत असे. आताच्या बहुतेक सेन्सरमध्ये चुंबकाची गरज उरलेली नाही. मोबाइल फोन आडवा केला की त्याचा पडदा फिरवणारी जी सूक्ष्म यंत्रणा फोनमध्ये असते, त्याच जातीची यंत्रणा या सेन्सरमध्ये असते. डाव्या क्रँकच्या आतल्या बाजूला तो रबरी पट्ट्याने बांधायचा, की फिरण्याची जाणीव होऊन तो मोजणी सुरू करतो.

मोजलेला आकडा ब्लूटूथ किंवा 'एएनटी प्लस' या बिनतारी पद्धतीने हँडलवरील सायकल कॉम्प्युटरला, मनगटी घड्याळाला किंवा फोनला पाठवला जातो. बऱ्याच सेन्सरमध्ये घड्याळात असते तशी नाण्याच्या आकाराची बॅटरी असते आणि ती अनेक महिने पुरते. भारतीय बाजारात साधे सेन्सर दोन हजार रुपयांच्या आसपास, तर नामांकित कंपन्यांचे चार-पाच हजारांपर्यंत मिळतात. आकडा समोर दिसण्यासाठी लागणारे घड्याळ किंवा कॉम्प्युटर नसेल, तर त्याचा खर्च वेगळा.

हे उपकरण फक्त फेऱ्या मोजते, हे लक्षात ठेवले पाहिजे. पायडलवर किती जोर पडतो, हे त्याला कळत नाही. त्यासाठी पॉवर मीटर नावाचे वेगळे आणि बरेच महाग साधन लागते. उतारावर हलक्या गिअरमध्ये पाय नुसते फिरत असले, तरी सेन्सर ९० दाखवेल. घाटात घाम निथळत असताना तो ५५ दाखवेल. केवळ आकड्यावरून चालवणारा चांगला की वाईट, हे ठरत नाही.

सरासरीचा आकडाही फसवा असतो. शहरात सिग्नल, खड्डे आणि उतार यांमुळे पाय वारंवार थांबतात. काही कॉम्प्युटर थांबलेल्या पायाचे शून्यही सरासरीत धरतात, काही धरत नाहीत. त्यामुळे एकाच फेरफटक्याची सरासरी एकाच्या यंत्रावर ५८ आणि दुसऱ्याच्या यंत्रावर ७२ दिसू शकते. तुलना करण्यापूर्वी ही मांडणी तपासून घेणे आवश्यक आहे.

घाटात खरी कसोटी

सपाट रस्त्यावर चुकीचा गिअर खपून जातो, घाटात त्याची किंमत मोजावी लागते. आठ टक्के चढाचा रस्ता घेऊ, म्हणजे दर शंभर मीटरला आठ मीटर उंची. सायकलस्वार आणि सायकल मिळून वजन ८५ किलो आणि वेग ताशी आठ किलोमीटर धरला, तर सुमारे १५० वॅट शक्ती लागते. आता तीन सायकलींची तुलना करता येईल.

पहिली सायकल पुढे २८ आणि मागे ३४ दात्यांचा हलका गिअर असलेली. तिच्यावर केडन्स ७७ राहतो आणि पायडलवर सरासरी जोर ११ किलोच्या आसपास येतो. दुसरी, पुढे ३४ आणि मागे २८ दाते असलेली, वेगाच्या हौसेने घेतलेली रोड बाइक. तिच्यावर केडन्स ५२ वर उतरतो आणि जोर साडेसोळा किलो होतो. तिसरी, पुढे ४४ आणि मागे १८ दात्यांची, बिनगिअरची जुनी दणकट सायकल. तिच्यावर केडन्स अवघा २५ राहतो आणि जोर चौतीस किलोंच्या घरात जातो. घाटात लोक या सायकलीवरून उतरून ती ढकलत का नेतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

यातील दुसऱ्या सायकलस्वाराने सेन्सर घेतला, तर तो त्याला चढभर ५२चा आकडा दाखवत राहील. पण त्याने सर्वांत हलका गिअर आधीच टाकलेला आहे. आकडा पाहून करण्यासारखे त्याच्या हातात काहीच उरलेले नाही. त्याला गरज आहे ती मागच्या मोठ्या दातेरी चक्राची. सायकलीचा डिरेलर त्या आकाराचे चक्र पेलू शकतो का, हे जाणकार मेकॅनिककडून तपासून कॅसेट बदलून घेतली, तर त्याच्या गुडघ्याला जो आराम मिळेल, तो कोणताही सेन्सर देऊ शकत नाही. तिसऱ्या सायकलस्वाराला तर सेन्सरचा काहीच उपयोग नाही. गिअर एकच असल्याने त्याचा केडन्स वेगाला कायमचा बांधलेला आहे.

मग उपयोग कोणाला?

भरपूर गिअर असूनही ते कधी बदलायचे, हे ज्याला उमगत नाही, त्याला सेन्सरचा सर्वाधिक उपयोग होतो. नवख्या माणसाला आपले पाय किती संथ फिरत आहेत, याची कल्पनाच नसते. आपण साठ-सत्तरच्या वेगाने चालवतो, असे त्याला वाटत असते आणि यंत्र पंचेचाळीस दाखवते. आकडा पंचावन्नच्या खाली आला की गिअर हलका करायचा, नव्वदच्या वर जाऊन शरीर सीटवर उसळू लागले की एक गिअर जड करायचा, एवढा साधा नियम चार-सहा आठवडे पाळला, तरी पायांना ताल सापडू लागतो.

गुडघ्याच्या दुखण्यातून उठून डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा सायकल सुरू करणाऱ्यांनाही त्याची मदत होते. हलक्या जोराने, बेताच्या गतीने चालवा, असा सल्ला मिळाला, तर तो पाळला जातो की नाही, हे आकड्यातून कळते. घरात ट्रेनरवर सायकल लावून व्यायाम करणाऱ्यांसाठी तर केडन्स जवळजवळ आवश्यकच असतो. काही ट्रेनर ठरवलेले वॅट कायम राखतात. अशा वेळी पाय मंदावले की यंत्र विरोध वाढवते, विरोध वाढला की पाय आणखी मंदावतात आणि शेवटी पाय अडकून बसतात. आकडा समोर असेल, तर हे वेळीच सावरता येते.

ब्रेव्हे प्रकारातील लांब पल्ल्याच्या फेऱ्या करणाऱ्यांचा विचार वेगळा आहे. तेथे २०० किलोमीटर अंतर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असते. त्यातले दहा तास पाय प्रत्यक्ष फिरत राहिले, तर ७०च्या केडन्सने ४२ हजार फेऱ्या होतात. एवढ्या फेऱ्यांत प्रत्येक वेळी थोडा जास्त जोर लावण्याची सवय शेवटच्या पन्नास किलोमीटरमध्ये चांगलीच महागात पडते. दमल्यावर केडन्स नकळत उतरू लागतो. तो उतरलेला दिसला की गिअर बदलण्याची किंवा थांबून दोन घास खाण्याची वेळ झाल्याचे समजते.

याउलट आठवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर चालवणाऱ्याला, भाजी आणायला किंवा मुलांबरोबर फिरायला सायकल काढणाऱ्याला आणि दुखणे-खुपणे नसलेल्या, गिअर सहजपणे वापरणाऱ्याला हे उपकरण घेण्याचे काही कारण दिसत नाही.

बिनपैशांचा सेन्सर

केडन्स मोजण्यासाठी यंत्र हवेच, असेही नाही. मोकळ्या, सपाट रस्त्यावर उजवा गुडघा किती वेळा वर येतो, ते पंधरा सेकंद मोजावे आणि चारने गुणावे. पंधरा वेळा आला, तर केडन्स ६०. अठरा वेळा आला, तर ७२. वीस वेळा आला, तर ८०. सोबत कोणी असेल, तर त्याने घड्याळ पाहावे आणि चालवणाऱ्याने नुसते मोजावे. चार-पाच फेरफटक्यांत दोनदा-तीनदा अशी मोजणी केली, तरी स्वतःच्या सवयीचा पुरेसा अंदाज येतो.

शरीरही बरेच काही सांगत असते. चढावर धाप लागण्याआधीच मांड्या भरून येत असतील, तर गिअर जड आहे. मांड्या ताज्या असून नुसती धाप लागत असेल, तर गिअर गरजेपेक्षा हलका आहे. हँडल ओढून धरावेसे वाटणे, प्रत्येक फेरीला खांदे डावी-उजवीकडे डोलणे, ही जड गिअरची लक्षणे. सीटवर बूड उसळणे हे फेऱ्या आवाक्याबाहेर गेल्याचे लक्षण.

गुडघा दुखण्याचा सगळा दोष केडन्सवर ढकलणेही बरोबर नाही. सीट फार खाली असेल, तर गुडघा प्रत्येक फेरीत गरजेपेक्षा जास्त वाकतो आणि वाटीमागचा दाब वाढतो. अशा सायकलीवर केडन्स कितीही सुधारला, तरी दुखणे पाठ सोडत नाही. सीटची उंची ठीक करायला मात्र एक पाना आणि दहा मिनिटे पुरतात.

आकड्याची भूल

सेन्सरचा एक धोका फारसा बोलला जात नाही. हँडलवर बदलता आकडा असला की नजर तिकडे जाते. शहरातील रस्त्यावर खड्डा, अचानक उघडणारे मोटारीचे दार आणि उलट दिशेने येणारी दुचाकी यांच्यासाठी ती नजर रस्त्यावर असणे अधिक गरजेचे आहे. शिवाय वेग, अंतर, नाडीचे ठोके, चढलेली उंची आणि वर केडन्स, असा आकड्यांचा पसारा वाढला की फेरफटका परीक्षेसारखा होतो. ज्या मोकळ्या हवेसाठी पहाटे उठलो, तिच्याकडे लक्षच जात नाही.

म्हणूनच सेन्सरकडे शिकवणीच्या मास्तरांप्रमाणे पाहणे योग्य ठरेल. धडा पक्का झाला की मास्तरांची गरज उरत नाही. काही आठवड्यांनी आकडा झाकून ठेवावा, मनाशी अंदाज करावा आणि मग पडताळून पाहावा. अंदाज पाच फेऱ्यांच्या आत बरोबर येऊ लागला की यंत्राचे काम संपले. एकत्र सायकल चालवणाऱ्या गटाने मिळून एकच सेन्सर घेतला आणि तो महिना-महिना एकेकाकडे फिरवला, तरी काम भागेल. रबरी पट्टा सोडून दुसऱ्या सायकलीवर बांधायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

सारांश, ज्याच्या सायकलीला पुरेसे गिअर आहेत आणि ते वापरायला ज्याला शिकायचे आहे, त्याच्यासाठी दोन हजारांचा साधा सेन्सर वाया जाणार नाही. इतरांनी तोच पैसा मागच्या मोठ्या चक्रासाठी, चांगल्या दिव्यासाठी किंवा हेल्मेटसाठी वापरावा. गुडघे न दुखता पुढच्या रविवारी पुन्हा सायकल बाहेर निघाली, तर केडन्स योग्य होता, असे खुशाल समजावे.

चौकट : सेन्सर घेण्यापूर्वी

- सीटची उंची तपासा. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. नेहमीप्रमाणे चवडा ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो.

- मागच्या सर्वांत मोठ्या आणि पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दाते मोजा. नेहमीच्या घाटासाठी मागचे दाते पुढच्याइतके किंवा त्याहून अधिक असणे हौशी सायकलस्वाराला सोयीचे.

- पंधरा सेकंदांची मोजणी सपाटीवर आणि चढावर वेगवेगळी करा. दोन्हीकडे आकडा साठच्या वर असेल, तर सेन्सरची घाई नाही.

- विकत घेताना सेन्सर आपल्या घड्याळाशी, फोनशी किंवा कॉम्प्युटरशी जुळतो का, हे दुकानातच जोडून पाहा. काही उपकरणे ब्लूटूथ समजतात, काही फक्त 'एएनटी प्लस'.

- पट्टा घट्ट बसला आहे आणि फिरताना सेन्सर सांगाड्याला घासत नाही, याची खात्री करा.

- गुडघ्याचे दुखणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, सूज आली किंवा गुडघा अडकू लागला, तर आकड्यांचा नाद सोडून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.